वेणीदानाला किती वेळ लागतो

"त्यांना विचार, कानटोपी घेतलीय का," माई म्हणाल्या.

अप्पा त्यांच्यापासून हातभर अंतरावर, नावेच्या त्याच फळीवर बसले होते. कानटोपी त्यांच्या डोक्यावर होती आणि ती माईंना दिसत होती. तरी मी आपलं विचारलं, "अप्पा, माई विचारतायत, कानटोपी घेतलीय का?"

"घेतलीय म्हणावं."

"घेतलीय म्हणतायत."

"मग कान झाकून घ्यायला सांग."

नावाडी वल्हं मारता मारता थांबला आणि आमच्याकडे टकमक बघायला लागला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. छे हो! मिरजेच्या घरी मी स्वयंपाकघरात लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलं, तर बाहेरच्या ओसरीवरून अप्पा विचारायचे, "काय गं, कोण आलंय?"

हा सगळा अबोल्याचा कारभार होता. अबोलाही साधासुधा नव्हे, सात वर्षांचा. मी हर्डीकरांच्या घरात सून म्हणून आले त्याच आठवड्यात तो सुरू झाला. म्हणजे माझ्या सासू-सासऱ्यांना एकमेकांशी बोलताना मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. बाकीच्या सुनांना सासरी पुरणपोळी शिकवतात, मला निरोप पोचवायला शिकवलं.

बरं, भांडण म्हणावं तर तेही नाही. माईंची गोळ्यांची पाकिटं संपायच्या आत अप्पा नवी आणून रेडिओपाशी ठेवायचे. अप्पांच्या भाजीत माई मीठ बेतानं घालायच्या. एकाला ताप आला की दुसऱ्याचं जेवण उतरायचं नाही. फक्त बोलायचं नाही. गिरीशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणायचा, "तो विषय काढू नकोस." अप्पांना विचारलं की वर्तमानपत्र वर जायचं. माईंना एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "भाजी लागेल खाली, लक्ष दे."

मी शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांपुढे ओरडून घरी यायचे आणि परत बोलतच राहायचे, आणि त्यातलं निम्मं माझं नसायचं. कंटाळले होते हो मी. या दोघांनी मरायच्या आत एकदा तरी एकमेकांशी बोलावं, यासाठी मी नवससुद्धा बोलले होते.

आणि एके रात्री जेवताना माईच म्हणाल्या, "मेधा, त्यांना सांग, मला प्रयागला जायचंय. वेणीदान करायचंय. माझ्या आजीनं केलं, आईनं केलं. नवरा लागतो त्याला."

अप्पांचा घास हातात राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "सांग, येतो म्हणावं."

मला तर आभाळ ठेंगणं झालं. वेणीदानात संगमावर नवऱ्यानं बायकोची वेणी घालायची, शेवटाला दोन बोटं केस कापायचे आणि ते पाण्यात सोडायचे. आता मला सांगा, वेणी घालायची म्हणजे बोलावं लागणारच ना? 'मान वर कर', 'हलू नकोस', 'दुखतंय', काहीतरी. मुकाट्यानं कोण कुणाची वेणी घालतं?

गिरीशला रजा मिळेना, म्हणून मीच दोघांना घेऊन निघाले. आखणी माझीच. शाळेचं वेळापत्रकही मीच करायचे, त्यामुळे त्याची मला भारी हौस. सकाळी संगम, तिथून किल्ल्यातला अक्षयवट, मग जेवण, मग गाडी करून थेट काशी आणि संध्याकाळी घाटावरची आरती. प्रयागच्या आपल्या मराठी गुरुजींना, पुराणिकांना, फोन केला. ते म्हणाले, "ताई, संगमाला अख्खी सकाळ ठेवा."

"अख्खी? विधीला किती वेळ लागतो?"

"विधीला अर्धा तास."

"मग?"

"मग काही नाही. थंडीचं धुकं असतं. शिवाय माणसं असतात."

माणसं म्हणजे गर्दी, असं मी समजले आणि गर्दीसाठी वर तासभर धरला. अख्खी सकाळ कुणाला परवडते? एवढ्या लांब यायचं, तर सगळं बघून घ्यायला नको?

तर असे आम्ही नावेत होतो. घाट सोडून थोडंच अंतर गेलो असू, आणि धुकं उतरलं. उतरलं म्हणजे काय, मागे वळून पाहिलं तर किल्ला नाही. एवढा थोरला अकबराचा किल्ला, कुणी पुसून टाकावा तसा नाहीसा. मग घाट गेला, बाकीच्या नावा गेल्या, मग आमच्याच नावेचं पुढचं टोक दिसेनासं झालं. नावाड्यानं वल्हं वर घेतलं आणि म्हणाला, "अब रुकना पडेगा, माताजी."

"कितना?" मी विचारलं.

तो नुसता हसला.

वल्ह्यावरून पाण्याचे थेंब पडत होते, तेवढाच आवाज. नाव चालली होती की थांबली होती, कळत नव्हतं. वर, खाली, सगळीकडे तेच पांढरं. एकदम त्यातून पक्षी आले. पांढरेच, थव्यानं, डोक्यावरून इतके खाली की पंखांचा वारा गालाला लागला. थंडीत ते फार लांबून तिथे येतात म्हणे. कुठूनशी एक शेववाल्याची नाव आली, त्यानं पुड्या दिल्या, पैसे घेतले आणि पुन्हा विरघळून गेला. माईंनी मूठभर शेव पाण्यावर टाकली. पक्षी कलकल करत पाण्यावर बसले, आणि माई लहान मुलीसारख्या हसल्या. अप्पा त्यांच्याकडे बघत होते. आपण बघतोय हे माझ्या लक्षात आलंय असं दिसल्यावर त्यांनी मान फिरवली.

माझं लक्ष मात्र घड्याळात. अक्षयवट गेला, असं मी मनात म्हटलं. जेवणातून थोडा वेळ काढता येईल. मग पुन्हा पांढरं, पुन्हा थेंब. हळूहळू मलाच कळेना की आपण कितीचा हिशेब करतोय. मिरज, शाळा, गिरीश, सगळं कुठल्या तरी मागच्या जन्मातलं वाटायला लागलं. थंडीनं डोळे मिटत होते. बाजूला अप्पा आणि माई, मधे ते हातभर अंतर, आणि तिघंही कशावर तरी तरंगतोय.

मग धुक्यातून हाक आली. चक्क मराठीत. "हर्डीकर! मिरजेचे हर्डीकर!"

"ओ!" अप्पा ओरडले. नावाड्यानं त्या आवाजाच्या रोखानं वल्हं मारलं. परत हाक आली, परत अप्पांनी ओ दिली, आणि असं करत करत आम्ही संगमावर पोचलो. संगम म्हणजे तिथे काय, नावांना नावा बांधून वर फळ्या टाकलेल्या, असा एक तरंगता ओटा. पुराणिक गुरुजी शाल गुंडाळून त्यावर उभे. ठेंगणे, हसरे, दात पुढे आलेले.

"एका बाजूला गंगा, एका बाजूला यमुना," ते म्हणाले. "आज दिसत नाहीत, पण आहेत."

माईंनी स्नान केलं. पाणी इतकं गार की मी पाय बुडवला आणि देवाची माफी मागून बाहेर काढला. आडोशाला लुगडं बदलून माई आल्या. केस मोकळे होते, पिकलेले, पण अजून कमरेपर्यंत. मी ते कधी मोकळे पाहिलेच नव्हते. गुरुजींनी दोघांना शेजारी बसवलं. कुंकू, फुलं, कात्री, सगळं मांडलं. संकल्प झाला, गोत्र झालं, नावं झाली.

"आता माई," गुरुजी म्हणाले, "यजमानांना विचारायचं. 'मी वेणीदान करू का?' असं. मंत्र नाही, आपल्या साध्या बोलीत. ते 'कर' म्हणतील, मग वेणी घालतील."

माई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेधा, त्यांना विचार..."

"सूनबाईंनी नाही विचारायचं," गुरुजी हसत म्हणाले. "वेणी तुमची आहे."

माईंनी तोंड पाण्याकडे फिरवलं. अप्पांनी नजर फळीवर खिळवली. पर्समधला फोन थरथरला, गाडीवाला असणार. मी माईंच्या कानाशी लागले. "माई, एवढ्या लांब आलोय. चार शब्द तर आहेत. म्हणून टाका ना."

त्यांनी माझा हात बाजूला केला. रागानं नाही, पण केला.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "मी विचारायचं. आणि यांनी मला कधी विचारलं नाही, त्याचं काय करायचं?"

"बोला ना, माई," गुरुजी म्हणाले. "माझी काही घाई नाही."

माई पाण्याकडे बघत बोलायला लागल्या. आवाज चढलेला नव्हता. भाजी कशी केली ते सांगावं, इतक्या सरळ आवाजात बोलत होत्या.

"माझ्या मुलाच्या लग्नाच्या आदल्या रात्री माझी आई गेली. बेळगावला. ती अंथरुणालाच होती, त्यामुळे दादा-वहिनी लग्नाला येणार नव्हतेच. दादाचा फोन आला तो यांनी घेतला. सुतक लागेल, लग्न मोडेल, पाहुणे जमलेत, म्हणून यांनी दादाला सांगितलं, तिला कळवू नका, मी सांगतो. आणि सांगितलं नाही."

मी ओट्यावर बसलेय की कुठे, मला कळेना. माझ्याच लग्नाची गोष्ट चालली होती.

"तिकडे आईला नेलं. इकडे मी शालू नेसून, नथ घालून मांडवात. विहिणीची थट्टा करतेय, जिलबीचा आग्रह करतेय. नाव घ्या, नाव घ्या म्हणून सगळे मागे लागले तेव्हा नावसुद्धा घेतलं मी यांचं. हे शेजारी उभे होते. यांना माहीत होतं."

माझ्या लग्नाच्या फोटोंत सगळ्यांत जास्त कोण हसतंय, तर माई. मी कितीदा कौतुकानं ते फोटो लोकांना दाखवले होते.

"पूजा झाली, प्रसाद वाटून झाला, पाहुणे गेले, तेव्हा मला कळलं," माई म्हणाल्या. "तेही यांनी नाही सांगितलं. शेजारच्या लेलेवहिनींना पाठवलं. त्या बिचाऱ्या दारातच रडायला लागल्या. आणि हे गच्चीवर जाऊन उभे राहिले. गुरुजी, लग्न होऊ दिलं त्याचं एक वेळ मी समजून घेतलं असतं. चारचौघांत असंच करतात, मला माहितीये. पण माझी आई गेली, हे मला यांनी तोंडानं सांगायला नको होतं? मग मी म्हटलं, यांना दुसऱ्याकरवी सांगणं बरं वाटतं ना? बरं. तसंच होऊ दे."

पलीकडे दुसऱ्या कुणाचं तरी स्नान चाललं होतं, 'हर हर गंगे' असा आवाज आला आणि गेला. नावाड्यानं बिडी विझवली. मराठी त्याला किती कळलं, देव जाणे.

"प्रमिला," अप्पा म्हणाले.

त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. माईंचा खांदा नुसता हलला.

"प्रमिला, मला तुला एक सांगायचंय. सांगू?"

धुकं तसंच. एक पक्षी फळीवर उतरला, चालत चालत फुलांपाशी आला, काही मिळेना म्हणून उडून गेला. अप्पा वाट बघत राहिले. एरवी मधल्या मधे मी चटकन काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. पण जीभ उचलेना.

"सांगा," माई म्हणाल्या.

"तुझी आई गेली."

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत पाहिलं असेल.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"रात्री. दादाचा फोन आला होता."

ते दोघं संगमावर नव्हतेच. मिरजेच्या घरात होते, लग्नाच्या दिवशी पहाटे. बाहेर मांडव, आत पाहुणे झोपलेले, आणि अप्पा माईंना हलवून उठवतायत.

"मग लग्नाचं काय?" माई म्हणाल्या.

"लग्न राहू दे. व्याह्यांना मी बघतो. तू ऊठ. गाडी सांगितलीय, मी येतो तुझ्याबरोबर."

म्हणजे माझं लग्न मोडलं. हातावर मेंदी, नेसायला काढलेली पिवळी अष्टपुत्री, चुलत्यांनी केलेली जेवणावळ, सगळं जागच्या जागी थांबलं. आणि देवाशपथ सांगते, मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. जा माई, लवकर जा, एवढंच मी मनात म्हणत होते.

"माझी आठवण काढली होती तिनं?" माईंनी विचारलं.

"काढली होती. दादा म्हणाला, सारखी दाराकडे बघत होती." अप्पांचा आवाज फुटला. "मला धीर झाला नाही गं. तेव्हाही झाला नाही, आणि नंतर मग रोजच उशीर होत गेला."

"आई गं," माई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जो हंबरडा फोडला, तो मी जन्मात विसरणार नाही. आत्ताच निरोप आलेल्या बाईनं रडावं तशा त्या रडत होत्या. अप्पांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आधी नुसती बोटं टेकवली, मग सगळा हात. माईंनी तो झटकला नाही.

गुरुजींनी हळूच पोथी मिटली. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी सोलापूरकडचे यात्रेकरू आले होते, त्यांचा विधी गुरुजींनी आधी सुरू केला. जाता जाता मला म्हणाले, "असू दे ताई. होईल सावकाश."

मी गाडीवाल्याला फोन लावला. तो चिडलेलाच होता. "मॅडम, कब आओगे? आरती निकल जाएगी."

"आज नहीं आएंगे," मी म्हटलं. "कल भी पक्का नहीं."

माझं हिंदी हे असं. फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि दोघांकडे पाठ करून बसले. धुकं विरळ होत होतं की दाट, ते बघायचंही मला सुचलं नाही. मीसुद्धा रडत होते. कुणासाठी ते नीटसं कळत नव्हतं. माईंच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं.

केव्हा तरी माईंचं रडणं थांबलं. त्यांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंड धुतलं, पदरानं पुसलं. मग सरकून अप्पांच्या पुढ्यात आल्या, पाठमोऱ्या बसल्या आणि केस मागे टाकले.

"घाला," त्या म्हणाल्या. "घट्ट घालू नका, डोकं चढतं माझं."

"अप्पा, माई म्हणतायत, घट्ट घालू..." माझ्या तोंडून निघून गेलं.

"ऐकलं मी," अप्पा म्हणाले.

मी जीभ चावली. अप्पांनी केस हातात घेतले आणि त्यांना काही उमजेना. वेणी कशाशी खातात, हे त्या गृहस्थांना ठाऊक नव्हतं. कधी चार पेड व्हायचे, कधी दोनच उरायचे.

"तीन करा," माई म्हणाल्या. "डावा मधे आणा. आता उजवा. अहो, उजवा!"

"हाच उजवा आहे."

"तुमचा असेल. माझा नाही."

"थांब जरा. हलू नकोस."

"हलतंय कोण? नाव हलतेय."

हे असलं काहीतरी. पण मी ते जिवाचा कान करून ऐकत होते. सात वर्षं या दोघांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत झालं, आणि असलं एक वाक्य कधी माझ्याकडे आलं नव्हतं. असलं कुणी दुसऱ्याकरवी बोलतच नाही.

वेणी झाली. वाकडी, सैल, मधेच बट सुटलेली. गुरुजी परत आले, वेणीकडे पाहून म्हणाले, "उत्तम." माईंना जे विचारायला सांगितलं होतं, ते त्यांनी पुन्हा काढलं नाही. कुंकू लावलं, फुलं वाहिली, अप्पांच्या हातात कात्री दिली. अप्पांनी शेवटाचे दोन बोटं केस कापून माईंच्या तळहातावर ठेवले.

"आता सोडा पाण्यात," गुरुजी म्हणाले. "केस एरवी तरंगतात. इथे बुडतात म्हणतात."

माईंनी हात पाण्यावर नेला. मग तसाच धरून ठेवला. गुरुजींच्या मागे पुढचं जोडपं येऊन उभं होतं, त्यातल्या बाई घसा खाकरत होत्या. माईंनी मान वळवून अप्पांकडे पाहिलं.

"सोडू का हो?"

"तुला वाटेल तेव्हा सोड," अप्पा म्हणाले. "घाई नाही आपल्याला."

माईंनी मूठ मिटली आणि त्या तशाच पाण्याकडे बघत बसून राहिल्या.